कन्या प्रशालेच्या बिराजदार बाई

बिराजदार बाईंचा हात जड होता. मी शाळेत रुजू झालो त्याच दिवशी हे कळलं, आणि ते कुणी सांगायची गरज पडली नाही.

उमरग्याच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की कर्नाटकाच्या हद्दीला लागून ते गाव आहे. मी मूळचा भूमकडचा. त्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या कन्या प्रशालेत विज्ञान शिकवायला माझी नेमणूक झाली होती. पहिला दिवस. शाळा सुटली तेव्हा मी गेटजवळ उभा राहून मुली कुठून कुठून येतात ते बघत होतो. समोरच्या रस्त्यावर एका मोटरसायकलवर दोन पोरं घिरट्या घालत होती. मागं बसलेल्यानं जाता जाता एका मुलीची ओढणी खेचली. मुलगी ओरडली. पोरं हसली, पुढं जाऊन गाडी वळवली आणि परत आली.

तेवढ्यात माझ्या बाजूनं एक बुटकी, रुंद बांध्याची बाई बाहेर पडली. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर विभूतीची बोटं, हातात गेटाचा लोखंडी अडसर. मला वाटलं, ती पोरांना दाखवायला तो उगारेल. तिनं उगारला नाही. गाडी जवळ आली तशी दोन पावलं पुढं झाली आणि अडसर सरळ पुढच्या चाकात घातला.

चालवणारा पोरगा हँडलवरून उडून तोंडावर पडला. मागचा उठून पळाला. पडलेल्याच्या तोंडातून रक्ताची धार लागली होती आणि तो हंबरल्यासारखा ओरडत होता. मुली गेटाला चिकटून उभ्या. बाईंनी अडसर जागेवर नेऊन लावला, मग माझ्याकडं वळल्या.

"नवीन सर न्हवं तुमी? ह्याचे पाय धरा. रिक्षात घालू."

ही आमची ओळख. उमरग्याच्या दवाखान्यापर्यंत त्या पोराचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. पदरानं त्याचं तोंड पुसत होत्या आणि तो कण्हला की कन्नडमध्ये खेकसत होत्या, "सुम्म कूड!" म्हणजे गप्प बस. डॉक्टर म्हणाले, पुढचे दात गेले.

"नवे बसतात का?" बाईंनी विचारलं.

"बसतात की."

"मग झालं."

हे मी कौतुकानं सांगतोय असं कुणाला वाटू नये. पोरगं मेलं असतं. दुसऱ्या दिवशी पोराचा चुलता, शेषेराव, मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन हेच म्हणाला. गावातला पैसेवाला पुढारी, हायवेलगत त्याची स्वतःची इंग्रजी शाळा.

"बाई, पोरगं मेलं असतं तर?"

"तर म्या फासावर गेले असते," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोराला ओढणीचं काय काम हुतं, ते सांगा आधी."

शेषेराव खुर्ची सारून उठला. प्रकरण पोलिसांत गेलं नाही, कारण गेलं असतं तर ओढणीचीही फिर्याद झाली असती. पण जाताना त्यानं शाळेच्या इमारतीकडं आणि मागच्या मोठ्या मैदानाकडं एकदा सावकाश नजर फिरवली. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

बाई मराठी शिकवायच्या. कविता शिकवताना आवाज इतका मऊ व्हायचा की शेजारच्या वर्गात मी शिकवणं थांबवून ऐकायचो. व्याकरण चुकलं की तोच आवाज भिंती हलवायचा. डबा उघडला की भाकरी आणि मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं तेल. खाताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि तशाच खायच्या. घरचं काही बोलायच्या नाहीत. नवरा कधी दिसला नाही, होता की नाही तेही कुणी विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या होत्या, "माझ्या बापानं माझी पुस्तकं चुलीत घातली हुती, सर. सातवीत. म्या हात घालून काढली." मग पदर सारखा करून उठून गेल्या. त्यांच्या उजव्या मनगटावरची कातडी आवळल्यासारखी का दिसते, हे त्या दिवशी कळलं.

दर वर्षी जूनमध्ये पाचवीच्या नव्या मुलींना त्या शाळेचा इतिहास सांगायच्या. मैदानात उन्हात उभं करून.

"ही दगडी शाळा निजामाच्या काळातली. तवा हितं सगळं उर्दूत चालायचं. म्हातारी माणसं अजून फौकानिया म्हणत्यात हिला, म्हंजे हायस्कूल. ह्या दारातनं तवा एक बी पोरगी आत आली न्हवती. निजाम गेला, मराठी आलं, जिल्हा परिषद आली, तरी पोरी भायेरच. मग पोरांसाठी रोडला नवी इमारत झाली आणि ही जुनी, गळकी इमारत पोरींना दिली. कुणी प्रेमानं दिली न्हाय. गावातल्या बायांनी पंचायतीला कुलूप घातलं तवा दिली. भूकंपात सगळा मुलूख पडला, ही फुटली पण पडली न्हाय. आमी पत्र्यात वर्ग घेतले आणि हिला लोखंडी पट्ट्या मारून परत उभी केली. कळलं का? आता कोण म्हणालं की पोरीला शाळा कशाला, तर त्याला हितं घेऊन या माझ्याकडं."

मुलींना अर्धंच कळायचं. पण त्या भिंतीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायच्या.

आणि याच बाई मुलींना मारायच्या. आजकाल कायद्यानं बोट लावता येत नाही, हे आम्ही त्यांना कितीदा सांगितलं. "माहीत हाय," म्हणायच्या, आणि हात चालायचाच. एकदा आठवीतल्या रेश्मा नावाच्या मुलीनं गृहपाठ दुसरीचा उतरवून आणला आणि वर खोटं बोलली. बाईंनी कानफटात मारली. मुलगी बाकावर आदळली, कानातून रक्त आलं.

तासाभरात तिची आई आली. जैनबी बाजारात बांगड्या विकायची. टोपली हातात घेऊनच स्टाफरूममध्ये शिरली, टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "बिराजदार बाई कोन?"

बाई उठल्या. "मी."

जैनबीनं काडकन त्यांच्या तोंडात मारली. चष्मा उडून माझ्या पायाशी पडला. मुख्याध्यापक उठले, आम्ही दोघंतिघं मधे पडायला धावलो. बाईंनी हात आडवा करून आम्हाला थांबवलं. गालावर बोटं उठली होती.

"अजून मारा," त्या जैनबीला म्हणाल्या. "तुमच्या पोरीला लागलंय तेवढं मला अजून लागलं न्हाय."

जैनबीचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. मग ती खुर्चीवर बसून रडायला लागली. "उसका बाप भी ऐसाच मारता था, बाई," ती म्हणाली. "म्हनून घर सोडी मैं. और तुम बी?"

बाईंनी चष्मा उचलून डोळ्यांवर लावला. त्या रेश्माला स्वतः सोलापूरला घेऊन गेल्या, कानाच्या डॉक्टरकडं. पडदा फाटला होता. शिवून घेतला, पण त्या कानानं तिला पुढं कमीच ऐकू यायचं. बाईंनी तिला वर्गात आपल्या टेबलाजवळ, चांगल्या कानाच्या बाजूनं बसवलं. आणि त्यानंतर त्यांनी कुठल्याही मुलीवर हात उचलला नाही. राग यायचा तेव्हा दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून उभ्या राहायच्या. मुलींना ते मारण्यापेक्षा भयंकर वाटायचं.

हायवे चौपदरी झाला तशी गावातली जमीन सोन्याची झाली. शाळेचं मैदान बाजाराच्या रस्त्याला लागून. शेषेरावानं बोलायला सुरुवात केली, की ही जागा त्याच्या आज्यानं पोरांच्या शाळेसाठी दिली होती, पोरांची शाळा रोडला गेली, मग जागा परत घराण्याची. कागद त्यानं कधी दाखवला नाही. मैदानावर गाळे काढायचे, हे मात्र सगळ्या बाजाराला माहीत होतं. बाई तहसीलला चकरा मारायच्या. मोजणी लवकरच होईल, एवढंच उत्तर मिळायचं.

मे महिना होता, सुट्टीतली सकाळ. मी निकालाच्या कामासाठी शाळेत आलो होतो, आणि बाई कबड्डीच्या सरावाला मुली आल्या होत्या म्हणून. मैदानाच्या टोकाशी धडधड आवाज आला. बघतो तर जेसीबीनं कंपाउंडच्या भिंतीला दात लावलेले. भिंतीचा एक तुकडा आत कोसळला, धूळ उडाली. जेसीबीमागं काठ्या घेतलेली माणसं, आणि रस्त्यावर जीपमध्ये शेषेराव.

बाईंनी मुलींना हाकलत दगडी इमारतीत नेलं, बाहेरून कडी घातली आणि पळतच परत आल्या. मी म्हणालो, "बाई, पोलिसांना फोन लावलाय, थांबा."

"पोलिस येस्तवर भिंत राहतीय का, सर?"

त्या जेसीबीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. जेसीबी चालवत होता नागेश, गावातलाच, तिशीतला पोरगा. त्यानं बकेट वर उचललं आणि इंजिन तसंच चालू ठेवून ओरडला, "बाई, सरका! मला सांगितलंय तेवढं करू द्या!"

"उतर खाली!"

"सरका म्हणतो ना!" आणि त्यानं मशीन हातभर पुढं घेतलं.

बाईंनी पायाजवळचा दगड उचलला आणि फेकला. काच फुटली. नागेशच्या भुवईला खोक पडली, रक्त डोळ्यात उतरलं. तो खाली उडी मारून आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती. मी मधे गेलो. काठीचा एक तडाखा माझ्या बरगडीत बसला आणि मी मातीत पडलो. पडल्या पडल्या पाहिलं ते हे: बाईंनी डोकं वाचवायला डावा हात वर केला आणि पहार त्या हाताच्या कोपरावर बसली. आवाज सुक्या फांदीसारखा आला. त्या गुडघ्यावर आल्या, आणि उजव्या हातानं नागेशच्या पायाला मिठी मारून त्याच्या पोटरीला कडकडून चावल्या. त्यानं लाथा घातल्या. दुसऱ्या एकानं पाठीत काठी घातली. बाई सोडत नव्हत्या. इमारतीच्या गजांतून मुली किंचाळत होत्या, इतक्या, की बाजारातली माणसं धावत आली. भाजीवाल्या, हमाल, चहावाला. गर्दी बघून काठीवाले पांगले. शेषेरावाची जीप कधी गेली कळलंच नाही. नागेश तेवढा तिथंच उभा राहिला, पोटरीतून रक्त गळत असलेला, हातातल्या पहारीकडं बघत. मग ती टाकून त्यानं तोंड झाकून घेतलं.

सोलापूरला बाईंच्या कोपरात सळया घातल्या. हात वाचला, पण वाकायचा बंद झाला. त्या सुट्टीतच मोजणी झाली. मैदान शाळेच्याच नावावर होतं, पहिल्यापासून. भिंत परत बांधली गेली. खटला उभा राहिला. शेषेरावानं अटकेआधीच जामीन मिळवला. नागेश आणि काठीवाल्यांतले दोघं आत गेले.

वर्षभरानं, जूनमध्ये, प्रवेश चालू होते. मी ऑफिसात बाईंच्या शेजारी बसलो होतो; त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष. दारात नागेश दिसला. जामिनावर सुटून आलेला, वाळलेला, भुवईवर पांढरा व्रण. बोटाला धरलेली मुलगी, दहा वर्षांची असेल. तो आत येईना, पुढं होईना. मी उठलो, तर बाईंनी बसा म्हणून खूण केली आणि स्वतः दारात गेल्या.

"काय काम हाय?"

"श्रावणीचं नाव घालायचंय, बाई. पाचवीत." तो जमिनीकडं बघून बोलत होता. "ही शेषेरावांच्या इंग्रजी शाळेत हुती. म्या आत गेलो आणि त्यांनी हात वर केले. मला वळखत बी न्हाईत आता. पोरीला काढली शाळेतनं."

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. डावा हात काठीसारखा बाजूला लोंबत होता. मग म्हणाल्या, "नीट आयक. हिचं नाव शाळेत घालते. तुझं नाव कोर्टात घेते. दोनी करणार म्या. चालत आसंल तर पोरीला आत सोड."

नागेशनं मान हलवली. होकार होता की नुसतीच हलवली, सांगता येत नाही. त्यानं मुलीचं बोट सोडलं.

"तू भायेरच थांब," बाई म्हणाल्या, आणि मुलीला आत घेऊन आल्या.

तो गेल्यावर मी न राहवून म्हणालो, "बाई, त्यानं तुमचा हात मोडलाय."

"त्यानं मोडलाय," त्या म्हणाल्या. "हिनं काय मोडलंय?"

श्रावणी हुशार निघाली. बाई निवृत्त झाल्या तरी रोज दुपारी शाळेत यायच्या आणि मागं पडलेल्या मुलींना बसवून मराठी घ्यायच्या. मागं पडलेली नसली तरी श्रावणीही त्यांत येऊन बसायची. बाईंचा न वाकणारा हात ती चोरून बघायची. तो कुणी मोडला हे तिला माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मग कोर्टात साक्ष निघाली. मीही साक्ष दिली, पण ऐकण्यासारखी होती ती बाईंची. सरकारी वकिलांनी आधी समजावून ठेवलं होतं, की दगडाचं आपणहून बोलू नका. समोरच्या वकिलानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"पहिला वार कुणी केला, बाई?"

"म्या. दगड मारला. त्याची भुवई फुटली."

कोर्टात चुळबूळ झाली. वकील खूश झाला. "म्हणजे माझ्या अशिलानं स्वतःचा बचाव केला."

"मशीन माझ्या अंगावर घेतलं, तवा म्या दगड मारला. काच फुटल्यावर तो घरी गेला आसता तर बचाव. पहार घेऊन खाली उतरला. ह्या माणसानं मारलं," त्यांनी उजवा हात लांब करून नागेशकडं दाखवलं, "आणि त्या माणसानं मारायला लावलं." हात शेषेरावाकडं वळला.

"याच आरोपीची मुलगी तुमच्याच शाळेत शिकते ना? तुम्हीच प्रवेश दिलात?"

"व्हय. चांगली लिहिती."

नागेशला आणि काठीवाल्या दोघांना शिक्षा झाली. शेषेराव पुराव्याअभावी सुटला. जीपमध्ये बसल्याचा गुन्हा होत नाही. निकालाच्या दिवशी नागेशची आई कोर्टाच्या आवारात बाईंच्या अंगावर धावून गेली, केस धरले, बोचकारलं. पोलिसांनी सोडवलं. बाईंच्या गालावर तीन रेघा उमटल्या. एसटीत बसल्यावर त्यांनी पदर ओला करून त्या पुसल्या. मी विचारलं, "तक्रार करायची?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिचं पोरगं गेलं आत. आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवसापासून श्रावणी शाळेत यायची बंद झाली. आजीनं बंद केली. ज्या बाईनं बापाला जेलात घातलं तिच्या शाळेत पोरगी जाणार नाही. आई गप्प होती. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला, मी एकदा जाऊन आलो. आजीनं दार उघडलं नाही.

मग बाई जायला लागल्या. रोज सकाळी, शाळा भरायच्या आधी. नागेशच्या गल्लीत जाऊन दारासमोर उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, "श्रावणी, शाळा भरली!" आतून शिव्या यायच्या. एक दिवस खरकटं पाणी आलं, एक दिवस चप्पल आली. गल्लीतली माणसं दारांत उभी राहून बघायची. कुणी मधे पडलं नाही. या घराशी वैर कुणाला नको होतं, आणि बाईंशीही. बाई घंटा होईपर्यंत उभ्या राहायच्या, मग निघून यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

त्याच सुमाराला माझी बदलीची ऑर्डर आली, भूमला. ज्या दिवशी मी निघणार होतो त्या सकाळी सामान टेम्पोत भरून मी बाईंना भेटायला निघालो, तर त्या वाटेतच भेटल्या. धुतलेलं पातळ, विभूती, डावा हात ताठ. त्याच गल्लीकडं निघाल्या होत्या. आदल्या दिवशीच्या दगडानं कपाळावर टेंगूळ आलेलं दिसत होतं. मला ते बघवेना.

"बाई, आज मी येतो बरोबर."

"नगं सर. दोघं गेलो तर त्यांना वाटंल, मारायला आले." मग थोडं हसल्या. "एकटी म्हातारी बघून दगड मारत्यात, पण भीत न्हाईत. भ्याले की दार उघडत न्हाईत, सर."

त्या गल्लीत वळल्या. मी कोपऱ्यावर टेम्पोजवळ थांबलो. हाक ऐकू आली. मग आजीचा आवाज, त्या शिव्या मी इथं लिहू शकत नाही. मग काहीतरी आदळल्याचा आवाज, आणि मग एक बाई ओरडली. ती आजी नव्हती, बिराजदार बाईही नव्हत्या. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नागेशची बायको सासूवर ओरडत होती, "बास झालं! पोरीला जाऊ द्या!" झटापट झाल्यासारखं वाटलं, भांडी पडली. मी पाऊल पुढं टाकलं, आणि थांबलो. बाईंनी नको म्हटलं होतं.

थोड्या वेळानं दोघी गल्लीतून बाहेर आल्या. श्रावणी पुढं, दप्तर पोटाशी धरून, एका पायात चप्पल. तिच्या शर्टावर शेणकाला उडाला होता. बाई मागं, त्यांच्या केसांतून, विभूतीवरून तोच शेणकाला ओघळत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. उजव्या हातानं त्यांनी मुलीच्या खांद्यावरचं शेण झटकलं, एकदा, दोनदा. श्रावणीनं खांदा मागं घेतला नाही. शाळेची घंटा झाली तशा दोघी भराभर चालायला लागल्या.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी बसलो तेव्हा त्या बाजाराच्या रस्त्याला लागल्या होत्या.